चार वायूंचा गॅस डिटेक्टर: नव्या माणसाने तो कसा वापरायचा आणि कसा जपायचा

एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर), ड्रेनेजच्या कामावर किंवा कारखान्यातल्या टाक्यांवर नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी गॅस डिटेक्टर देतं आणि 'बटण दाबलं की चालू होतो' एवढं सांगून निघून जातं. बटण दाबलं की स्क्रीनवर चार आकडे येतात: ऑक्सिजन २०.९ आणि बाकीचे तिन्ही शून्य. सगळं ठीक आहे असं समजून माणूस उतरतो.

हे शून्य दोन कारणांनी येऊ शकतं. हवा स्वच्छ असेल तर शून्य दिसतं, आणि सेन्सर मेला असेल तरीही शून्यच दिसतं. नुसतं स्क्रीनकडे बघून यातलं कुठलं खरं ते कळत नाही. ते कसं ओळखायचं, हे शिकलात की डिटेक्टर वापरायला शिकलात. उदाहरण म्हणून मी सोसायटीच्या जमिनीखालच्या एसटीपीचं आणि ड्रेनेज चेंबरचं काम घेतो. मळीची टाकी, विहीर, गोबरगॅसचा खड्डा, सगळीकडे हीच पद्धत लागते.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. डिटेक्टर आहे म्हणून माणूस आत पाठवायचा, असं नाही. सक्शन किंवा जेटिंगच्या गाडीने काम होत असेल तर झाकणाच्या आत कुणी डोकंही घालायचं नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि तो थेट कामावर ठेवला की ठेकेदारामार्फत, याने फरक पडत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गटारातल्या मृत्यूसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. सोसायटीच्या कमिटीतल्या मंडळींनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

चार आकडे काय सांगतात

ऑक्सिजन टक्क्यांत दिसतो. मोकळ्या हवेत तो २०.९ असतो. १९.५ च्या खाली गेला की अलार्म वाजतो, २३.५ च्या वर गेला तरी वाजतो. जास्त ऑक्सिजन म्हणजे चांगली हवा, असं नाही. त्या हवेत कपडे आणि तेलकट चिंधी भडकन पेट घेतात. म्हणूनच टाकीत 'हवा मारायला' ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडायचा नाही.

एलईएल हा जळणाऱ्या वायूचा आकडा. मिथेन हवेत ५ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. ती मर्यादा म्हणजे १०० टक्के एलईएल. डिटेक्टर बहुधा १० टक्के एलईएललाच ओरडतो, म्हणजे हवेत अर्धा टक्का मिथेन असताना. इथे दोन अडचणी आहेत. हा सेन्सर वायू स्वतःच्या आत जाळून मोजतो, त्यामुळे त्यालाही ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली असेल तर एलईएलच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि सेन्सर मिथेनवर लावलेला असेल तर पेट्रोलची वाफ तो कमी दाखवतो, डिझेलची तर जवळजवळ दाखवतच नाही. जनरेटरच्या डिझेल टाकीपाशी त्याच्या भरवशावर राहू नका.

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. इंजिनाच्या धुरातला हा वायू. त्याला वास नाही, रंग नाही. पहिला अलार्म बहुधा ३५ पीपीएमला लावलेला असतो. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग; १ टक्का म्हणजे १० हजार पीपीएम.

चौथा एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. एसटीपीवर सगळ्यात जास्त भीती याची धरायची. पहिला अलार्म सहसा १० पीपीएमला असतो आणि दुसरा १५ ला. कुजक्या अंड्यासारखा याचा वास सगळ्यांना माहीत असतो आणि तिथेच घात होतो. साधारण १०० पीपीएमला नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस पुढे सरकतो. ७०० पीपीएमच्या वर तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. 'वास येत नाही, उतर' असं कुणी म्हणालं तर तिथेच काम थांबवा.

आता या चार आकड्यांत जे नाही, तेही समजून घ्या. साध्या चार वायूंच्या डिटेक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतो. क्लोरीनचा, अमोनियाचाही नसतो. कार्बन डायऑक्साइडचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा. दुसऱ्या एखाद्या वायूने हवा बाहेर ढकलल्यामुळे ऑक्सिजन २०.९ वरून १९.५ वर आला, तर ऑक्सिजन घटला फक्त १.४ टक्के, पण एकूण हवा हटली जवळजवळ ७ टक्के. तेवढी जागा त्या वायूने घेतली, म्हणजे ६० हजार पीपीएमच्याही वर. तो कार्बन डायऑक्साइड असेल तर ४० हजार पीपीएमलाच जिवाला तातडीचा धोका मानतात. डिटेक्टर पहिली शिट्टी मारेपर्यंत ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. मळी आंबलेली टाकी, जुनी विहीर, धान्याचं किंवा हळदीचं पेव अशा जागी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर असलेलाच डिटेक्टर मागा. आणि कुठेही ऑक्सिजन २०.९ वरून २०.५ झाला तर 'अलार्म नाही ना' म्हणून सोडून देऊ नका. कशाने कमी झाला हे कळेपर्यंत कुणी उतरायचं नाही.

विहिरीत किंवा पेवात कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, तोवर माणसाला त्रास सुरू झालेला असतो. एचटूएस किंवा सीओबद्दल कंदील काहीच सांगत नाही, आणि खाली मिथेन असेल तर तोच आग लावतो. एसटीपीवर ही रीत अजिबात नको.

रोज कामाआधी: झीरो आणि बंप

डिटेक्टर उघड्या हवेत चालू करा. पार्किंग, जनरेटरचा धूर, एसटीपीचं दार, विडी ओढणारा माणूस, या सगळ्यांपासून लांब. चालू होताना तो 'झीरो करू का?' विचारतो. त्या वेळी आजूबाजूची हवा खरंच स्वच्छ हवी. जनरेटरशेजारी उभं राहून झीरो केला आणि तिथे १० पीपीएम सीओ असेल, तर डिटेक्टर त्या १० लाच शून्य समजतो. मग दिवसभर सीओचा प्रत्येक आकडा १० ने कमी. स्वच्छ हवेत आल्यावर आकडा उणे दिसला किंवा एरर आली, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. पुन्हा मोकळ्यावर जा आणि झीरो करा.

यानंतर बंप टेस्ट. सेन्सरवर खरा वायू सोडायचा आणि तो जागा होतो का हे बघायचं. त्यासाठी छोटा सिलिंडर मिळतो. त्यात चारही वायू ठरावीक प्रमाणात असतात. नेहमीचं मिश्रण म्हणजे एचटूएस २५ पीपीएम, सीओ १०० पीपीएम, मिथेन २.५ टक्के म्हणजे ५० टक्के एलईएल, आणि ऑक्सिजन १८ टक्के. आपल्या सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचा.

क्रम असा. सिलिंडरची मुदत बघा. रेग्युलेटर बसवा. कंपनीने दिलेली कॅप डिटेक्टरवर लावा, नळी जोडा आणि गॅस सोडा. पंपाच्या डिटेक्टरला कंपनीने सांगितलेलाच रेग्युलेटर लागतो. आधी ऑक्सिजनचा आकडा खाली येताना दिसेल, मग बाकीचे चढू लागतील. शिट्टी वाजली पाहिजे, दिवे लागले पाहिजेत, हातात थरथर जाणवली पाहिजे. आणि चारही आकडे सिलिंडरवरच्या आकड्यांच्या जवळ पोचले पाहिजेत. किती जवळ, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. एकाही वायूचा आकडा मागे राहिला किंवा हललाच नाही, तर डिटेक्टर बाजूला ठेवा. 'बाकीचे तीन चालतात ना' असं म्हणून तो खाली नेता येत नाही.

बंप टेस्टला खर्च येतो म्हणून लोक टाळतात. ५८ लिटरचा सिलिंडर मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने जवळजवळ दोन तास पुरतो. रोज एक मिनिट धरलं तरी शंभराच्या वर टेस्ट होतात. एवढ्या खर्चासाठी कुणाचा जीव पणाला लावू नका.

सेन्सरवर फुंकर मारून 'बघा, ऑक्सिजन उतरला' म्हणणं ही बंप टेस्ट नव्हे. उच्छ्वासात ऑक्सिजन कमी असतो म्हणून आकडा उतरतो, बाकीच्या तीन सेन्सरांचं त्यातून काहीच कळत नाही. लायटरचा गॅस सोडून बघणं त्याहून वाईट. एवढ्या दाट वायूने एलईएलचा सेन्सर बिघडू शकतो, आणि एचटूएसचा सेन्सर जिवंत आहे की नाही हे तरीही कळत नाही.

बंप आणि कॅलिब्रेशन वेगळे आहेत. बंपमध्ये डिटेक्टर जागा होतो का आणि आकडा जवळ पोचतो का एवढंच बघतो. कॅलिब्रेशनमध्ये त्याचा आकडा सिलिंडरच्या आकड्याशी जुळवून घेतो. बंपमध्ये नापास झाला, हातातून पडला, पाण्यात गेला किंवा मर्यादेबाहेरचा वायू लागला, की कॅलिब्रेशन करायचं. एरवी कंपनी सांगेल त्या मुदतीला, बऱ्याच मॉडेलांना सहा महिन्यांनी.

झाकणापाशी

उतरण्याआधीची तपासणी पंप आणि लांब नळी असलेल्या डिटेक्टरने करायची. बिनपंपाचा डिटेक्टर दोरीला बांधून खाली सोडणारे असतात. खालचे आकडे त्या क्षणी दिसत नाहीत, आणि डिटेक्टर गाळात बुडाला तर सेन्सर गेलाच.

नळी जोडली की टोकावर बोट दाबून धरा. पंप अडखळून अलार्म द्यायला हवा. दिला नाही तर नळीला कुठेतरी चीर आहे किंवा जोड ढिला आहे, आणि डिटेक्टर खालची हवा सोडून वरचीच ओढतोय. बोट काढल्यावर अलार्म थांबला की पुढे जा. या तपासणीला दहा सेकंद लागतात आणि ती कधीच चुकवू नका. टोकाला पाणी अडवणारा फिल्टर आहे ना, तेही बघून घ्या. नळी कंपनीचीच हवी. साध्या रबरी नळीच्या आतल्या बाजूला एचटूएस चिकटून राहतो आणि आकडा कमी दिसतो.

वारा पाठीवर घेऊन उभे राहा. झाकणाला छिद्र असेल तर झाकण उचलण्याआधीच त्यातून नळी आत सोडा. लोखंडी झाकण ओढताना ठिणगी उडू शकते, आणि खाली मिथेन साठलेला असू शकतो. एलईएल शून्य असेल तरच झाकण हलवा. उघडल्यावर वाकून आत बघू नका.

आता वर, मध्ये आणि तळाजवळ मोजा. मिथेन हवेपेक्षा हलका म्हणून वर जमतो. एचटूएस किंचित जड म्हणून तळाला बसतो. सीओ हवेच्या जवळपास वजनाचा, तो कुठेही सापडेल. खोल चेंबरमध्ये साधारण दर १.२ मीटरला थांबा. नळीच्या टोकाची हवा सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो, सेन्सरला पूर्ण आकडा दाखवायलाही वेळ लागतो. माझा हिशोब असा: नळीच्या प्रत्येक मीटरला ३ सेकंद आणि वर २ मिनिटं. ६ मीटर नळी असेल तर एका जागी १८ सेकंद अधिक २ मिनिटं. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल जास्त वेळ सांगत असेल तर तो धरा. घाई करणारा मुकादम मागे उभा असला तरी ही दोन मिनिटं पूर्ण करा. नळीचं टोक पाण्यापासून आणि गाळापासून वर ठेवा.

आकडे वाचताना आधी ऑक्सिजन, मग एलईएल, मग सीओ आणि एचटूएस. प्रत्येक उंचीचा आकडा परमिटवर, म्हणजे आत उतरण्याच्या परवानगीच्या कागदावर, वेळेसकट लिहा.

ब्लोअर लावणार असाल तर त्याआधीचे आकडे घ्या, आणि लावल्यानंतर पुन्हा घ्या. ब्लोअर बाहेरची हवा आत ढकलणारा असावा. त्याचं तोंड जनरेटरच्या धुराकडे नको, नाहीतर तुम्ही स्वतःच टाकीत सीओ भरत आहात. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही.

आत गेल्यावर

पहिली तपासणी त्या क्षणाची. एसटीपीच्या टाकीत गाळ ढवळला, पाय पडला, फावडं लागलं की आत अडकलेला एचटूएस एकदम वर येतो. दोन मिनिटांपूर्वी शून्य होतं तिथे आकडा झपाट्याने चढतो. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर चालू डिटेक्टर हवा. तो कॉलरजवळ किंवा छातीवर लावायचा, नाकातोंडापासून वीतभर अंतरावर. पँटच्या खिशात किंवा कमरेला लावलेला डिटेक्टर तुमच्या श्वासातली हवा मोजत नाही. रेनकोटच्या आत तर तो काहीच मोजत नाही.

वर एक माणूस कायम थांबलेला असावा. त्याला दुसरं काम देऊ नका. त्याच्याकडे दुसरा डिटेक्टर आणि परमिटचा कागद असावा, आणि ठरलेल्या वेळाने त्याने आकडे विचारून लिहावेत. आत गेलेल्याच्या अंगात हार्नेस आणि त्याची दोरी वर ट्रायपॉडच्या विंचला (तिपाईवरच्या दोर गुंडाळणाऱ्या चक्रीला) जोडलेली असावी, म्हणजे कुणीही आत न उतरता त्याला वर ओढता येईल.

अलार्म वाजला तर

बाहेर या. आकडा किती ते बघायला थांबू नका, हत्यार गोळा करू नका, अलार्मचं बटण दाबून आवाज बंद करू नका. बाहेर आल्यावर डिटेक्टरमधला सगळ्यात वरचा आकडा बघून लिहा. हवा खेळती केल्यावर पुन्हा पहिल्यापासून, तळापर्यंत, सगळी तपासणी करायची.

आतला माणूस हाकेला उत्तर देत नसेल तर विंचने ओढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. उतरू नका. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंदिस्त जागेत मेलेल्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. आपल्याकडेही एकामागून एक भाऊ, मेहुणे, शेजारी उतरल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. नाकावर रुमाल किंवा कार्ट्रिजचा मास्क बांधून ऑक्सिजन मिळत नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर किंवा बाहेरून हवेची नळी असलेल्या प्रशिक्षित माणसानेच आत जायचं.

डिटेक्टर जपायचा कसा

चार्जिंग ऑफिसात करा, एसटीपीच्या खोलीत नको. पुसायला ओलसर मऊ कापड पुरतं. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने डिटेक्टर धरला की अल्कोहोलच्या वाफेने सीओचा आकडा चढतो आणि उगाच धावपळ होते. सिलिकॉन मात्र खरा शत्रू आहे. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, सिलिकॉन सीलंट, काही हातांची क्रीम, या सगळ्यांतला सिलिकॉन एलईएलचा सेन्सर कायमचा मारतो, आणि मेलेला सेन्सर निमूटपणे शून्य दाखवत राहतो. म्हणून डिटेक्टर आणि स्प्रे एका कपाटात ठेवू नका, आणि तो गाडीत उन्हात टाकू नका.

पावसाळ्यात सेन्सरच्या जाळीवर पाण्याचा थेंब किंवा चिखल बसला की वायू आत शिरतच नाही. दर वेळी बाहेर आल्यावर जाळी बघा, हलकेच झटका, कापडाने टिपा. सुई किंवा काडी घालून टोकरू नका. फिल्टर काळवंडला की बदला.

एचटूएस, सीओ आणि ऑक्सिजनचे सेन्सर कपाटात पडून असले तरी म्हातारे होतात. बऱ्याच मॉडेलांत दोन-तीन वर्षं चालतात. कुठला सेन्सर कोणत्या तारखेला बसवला ते मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. खरेदी करताना धोक्याच्या जागी चालणारा, पेसोची (स्फोटक सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेची) मान्यता असलेला डिटेक्टरच घ्या, आणि त्यासोबत बंपचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि कॅप एकाच बिलात मागा. नंतर मागू म्हटलेला सिलिंडर बऱ्याच ठिकाणी येतच नाही.

एक वही ठेवा. तारीख, डिटेक्टरचा नंबर, बंप पास की नापास, सिलिंडरची मुदत, सही. नापास डिटेक्टरला लाल पट्टी बांधून कुलपात ठेवा, टेबलावर ठेवलात तर कुणीतरी तो उचलून कामावर नेईल. ठेकेदाराची माणसं स्वतःचा डिटेक्टर घेऊन आली तर तुमच्यासमोर बंप करायला सांगा. त्यांच्याकडे सिलिंडर नसेल आणि आपली कॅप त्यांच्या मॉडेलला बसत नसेल, तर आपला तपासलेला डिटेक्टर द्या. तोही नसेल तर त्या दिवशी झाकण उघडायचं नाही, दुसरी तारीख द्या.